एचआर डायरेक्टर नेमका कोणाचा माणूस?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलंय.)

मी तुमचा नेहमीचाच. दिवसा पुण्यात कोड लिहिणारा आणि रात्री तुमच्या कानात बडबड करणारा अमरावतीचा पोट्टा.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आला. अकोल्याचा एक श्रोता, बीटेक फायनल इयरला आहे. तो म्हणतो, "दादा, मले एचआरमध्ये जायचं आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, इंजिनीअरिंग करून लोकाईले फोन लावत बसशील काय? मले एवढंच सांगा, तो एचआर डायरेक्टर असते ना, तो करते काय, अन् तिथं पोचाले शिकावं काय लागते?"

प्रश्न सरळ आहे. पण मी त्याला दुसरा एक प्रश्न जोडणार आहे, कारण तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कामाचा आहे. हा माणूस नेमका कोणाचा? कंपनीचा की आपला? ज्याला एचआरमध्ये जायचंय त्याला हे कळलं पाहिजे, आणि ज्याला कधीतरी एचआरसमोर बसायचंय त्यालाही. म्हणजे सगळ्यांनाच.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आपण 'डायरेक्टर' ऐकलं की संचालक मंडळ डोळ्यांसमोर येतं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे खरा संचालक म्हणजे मंडळावर नेमलेला माणूस. त्याला डीआयएन नंबर असतो, त्याच्यावर कायदेशीर जबाबदाऱ्या असतात. पण बहुतेक कंपन्यांमध्ये एचआर डायरेक्टर हे फक्त पदाचं नाव असतं. तो मंडळावर नसतो, सीईओच्या हाताखाली असतो. कुठे त्यालाच सीएचआरओ म्हणतात, कुठे एचआर हेड, कुठे पीपल ऑफिसर. पाटी बदलते, खुर्ची तीच.

आता गंमत बघा. कंपनीचं ऑडिट करायला सीए लागतो. कोर्टात उभं राहायला वकिलीची सनद लागते. पण हजारो लोकांच्या नोकऱ्या ज्याच्या सहीने लागतात आणि सुटतात, त्या एचआर डायरेक्टरला कायद्याने ठरवलेली एकही डिग्री नाही. कॉमर्सवाला होऊ शकतो, इंजिनीअर होऊ शकतो, मिलिटरीतून रिटायर झालेला होऊ शकतो. म्हणजे "काय शिकावं लागते" याचं कायद्यातलं उत्तर आहे: काहीच नाही.

पण थांबा. याच विभागातली एक खुर्ची अशी आहे, जिची पात्रता कायद्याने लिहून ठेवली आहे. ती बघितली की हा सगळा विभाग जन्माला कशासाठी आला तेच कळतं. त्यासाठी थोडं मागे जाऊ. इतिहास म्हटलं की पुढे ढकलता तुम्ही, माहीत आहे मला. दोन मिनिटं द्या फक्त.

आपल्याकडे कापसाच्या जिनिंगमध्ये, ऊसतोडीत, बांधकामावर आजही एक माणूस असतो. मुकादम. माणसं तोच आणतो, कामाला तोच लावतो, आणि मर्जी गेली तर घरीही तोच पाठवतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये हीच पद्धत होती. तिथे त्याला जॉबर म्हणायचे. गिरणीत नोकरी पाहिजे तर जॉबरचा हात ओला करा. नोकरी टिकवायची तरी करा. मालकाला कामगाराचं नावही माहीत नसायचं. भरती, हजेरी, शिक्षा, सगळं एका माणसाच्या मुठीत. आजच्या भाषेत सांगायचं तर एचआर डिपार्टमेंटचा पणजोबा म्हणजे हा मुकादम.

याविरुद्ध आवाज कामगारांच्या बाजूने उठला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे तुम्ही रविवारी सकाळी दहापर्यंत लोळता ना, ती सुट्टी कोण्या एचआर पॉलिसीतून आलेली नाही. ती मागून घेतलेली आहे.

पुढे १९२९ मध्ये इंग्रज सरकारने कामगारांच्या परिस्थितीवर एक रॉयल कमिशन नेमलं. त्याचे अध्यक्ष होते व्हिटली. १९३१ च्या अहवालात कमिशनने म्हटलं की जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या आणि त्या कामासाठी लेबर ऑफिसर नेमा. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तेच आजचं टिस. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४९ आलं: ज्या कारखान्यात ५०० किंवा जास्त कामगार आहेत, तिथे कल्याण अधिकारी, म्हणजे वेल्फेअर ऑफिसर, नेमलाच पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत हा आकडा २५० वर आणला आहे.

मी म्हटलं ना, एका खुर्चीची पात्रता लिहिलेली आहे? ती हीच. कल्याण अधिकाऱ्यासाठी पदवी लागते. वर समाजकार्य किंवा कामगार कल्याण यातली सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविका लागते. आणि तिसरी अट ऐका, ती माझी सगळ्यात आवडती आहे: त्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आली पाहिजे. इंग्रजी नाही राजेहो, कामगारांची भाषा! आपल्याला पुण्यात इंटरव्ह्यूला जाताना वाटतं की आपल्या वऱ्हाडी बोलण्याने मार्क कटतात. इथे कायदा म्हणतोय, की समोरच्याची बोली येणं हीच पात्रता आहे.

अजून एक गोष्ट. अनेक राज्यांच्या नियमांमध्ये असंही लिहिलं गेलं की या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्ध व्यवस्थापनाच्या बाजूने उभं राहू नये. म्हणजे पगार मालकाचा, पण कर्तव्य कामगाराकडे बघण्याचं. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या: एचआर कोणाचा माणूस? तर ही खुर्चीच मुळात दोघांच्या मध्ये ठेवलेली आहे. ती अवघडच असणार. ज्याला त्या अवघडपणाचा त्रास होत नाही, तो माणूस त्या खुर्चीत चुकीचा बसलाय असं समजा.

मग 'पर्सोनेल'चं 'एचआर' कधी झालं? तेही आपल्याच राज्यातल्या कंपनीत. १९७४-७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना बोलावलं. काम होतं अप्रेझलची पद्धत तपासण्याचं. त्यांनी सांगितलं, नुसतं मार्क देऊन भागणार नाही. माणसाला शिकवणं, वाढवणं, त्याच्या पुढच्या वाटेचा विचार करणं हे वेगळं काम आहे, त्याला वेगळा विभाग द्या. आपल्या देशात एचआरडी नावाचा विभाग आला तो तिथून. तुमच्या अप्रेझल फॉर्ममध्ये 'येत्या वर्षात काय शिकणार' असा रकाना असतो ना, जो आपण सगळे शेवटच्या दिवशी कॉपी-पेस्ट करून भरतो? त्यामागे हा विचार आहे.

ठीक. आता हा डायरेक्टर दिवसभर करतो काय?

फोन लावणं, इंटरव्ह्यू ठरवणं, कागदपत्रं तपासणं, हे काम रिक्रूटर आणि एचआर एक्झिक्युटिव्हचं. ती शिडीची पहिली पायरी. डायरेक्टर तिथे नसतो. त्याच्याकडे पाच मोठी कामं असतात.

एक, माणसांचं गणित. पुढच्या दोन वर्षांत किती लोक लागतील, कुठल्या कामाला, पुण्यात की नागपुरात. कंपनी चुकीचं गणित करते तेव्हा आधी भरमसाट भरती होते आणि मग कपात.

दोन, पगाराची रचना. कोणत्या पदाला किती ते किती पगार, वाढ कशी, बोनस कसा. शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त पॅकेज कसं, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असलं पाहिजे तो हा.

तीन, कायदा. पीएफ, ग्रॅच्युइटी, कामाचे तास, २६ आठवड्यांची प्रसूती रजा, आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त लोक असतील तर अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा.

चार, तक्रारी आणि भांडणं. मॅनेजर शिव्या देतो, प्रमोशन अडवलं, सुट्टी नाकारली.

पाच, निरोप देणं. राजीनामे, कपात, हिशेब.

मी इंजिनीअर आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर पडल्यावर पळत येणारा माणूस वेगळा, आणि सर्व्हर का पडतो हे लॉग वाचून आधीच ओळखणारा वेगळा. चांगला एचआर डायरेक्टर दुसऱ्या प्रकारचा असतो. समजा, २०० लोकांच्या कंपनीतून वर्षाला ४० जण सोडून गेले. साधा एचआर ४० नवीन जाहिराती टाकेल. चांगला डायरेक्टर विचारेल, यातले किती एकाच मॅनेजरच्या हाताखालचे होते? किती पहिल्या वर्षातच गेले? एक माणूस गेला की नवा शोधायला, शिकवायला किती महिने आणि किती रुपये जातात? मग तो हा आकडा घेऊन मालकासमोर बसेल आणि म्हणेल, "साहेब, त्या एका मॅनेजरला वाचवणं आपल्याला एवढ्याला पडतंय."

'माणुसकी ठेवा' असं मालकाला सांगून बहुतेक वेळा काही होत नाही. माणुसकीचा हिशेब मांडून दाखवता आला पाहिजे. माझ्या मते ही पहिली पात्रता.

हे काम नीट झालं नाही तर काय होतं? सप्टेंबर २०२४ आठवा. पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार फर्ममध्ये काम करणारी २६ वर्षांची मुलगी, सीए झालेली, जुलैमध्ये गेली. नोकरी लागून चार महिनेच झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. कामाच्या ओझ्याने लेक गेली, असं आईचं म्हणणं होतं. कंपनीने ते मान्य केलं नाही. त्या वादात मी पडत नाही. पण नंतर राज्याच्या कामगार विभागाची माणसं तपासणीला गेली, तेव्हा त्या ऑफिसची दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणीच झालेली नव्हती असं समोर आलं. हा कायदा कामाचे तास सांगतो, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगतो, जादा कामाला दुप्पट दर सांगतो. म्हणजे तास मोजण्याचा जो सरकारी कागद असतो, तोच ऑफिसात नव्हता. काचेची इमारत, चकाचक कॅफेटेरिया, आणि पायाचा कागद गायब. हा कागद बघणं कोणाचं काम होतं, ते तुम्हीच ठरवा.

आता दुसरी पात्रता. ती मला पुस्तकातून कळली नाही, आमच्या फ्लॅटवर कळली.

माझा रूममेट दर्यापूरकडचा. घरी सहा एकर, कापूस आणि सोयाबीन. बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं, त्याचे हप्ते याच्या पगारातून जायचे. एका बुधवारी दुपारी त्याला व्हिडिओ कॉल आला. कंपनीचं नाव घेत नाही. कॉलवर एचआरची एक मुलगी, वय असेल पंचवीस. तिने कागद वाचल्यासारखं सांगितलं की तुमची पोझिशन राहिलेली नाही. संध्याकाळी सहाच्या आत पोर्टलवर स्वतःहून राजीनामा टाका, नाही तर कंपनी टर्मिनेट करेल आणि पुढच्या कंपनीच्या चौकशीत तसंच येईल.

मी शेजारच्या खोलीत होतो, दार उघडं होतं. हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, हेच मेलवर टाकता का?"

समोर शांतता. मग ती हळूच म्हणाली, "सर, मी फक्त निरोप देते आहे."

बस. हे वाक्य मला आजही टोचतं. कारण ती खरं बोलत होती. निर्णय तिचा नव्हताच. ज्यांनी यादी बनवली ते कॉलवर नव्हते. त्या आठवड्यात तिने असे किती कॉल केले असतील कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिनेच स्वतःच्या नंबरवरून याला मेसेज केला: लीव्ह एन्कॅशमेंट हिशेबात धरलेलं नाही, मागून घ्या. नोकरीची जोखीम घेऊन केलेला मेसेज होता तो.

आता यातली मेख समजून घ्या. राजीनामा का मागतात? कारण कामगाराची कपात केली तर कायद्याने नोटीस द्यावी लागते, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतः गेलात, भरपाईचा प्रश्नच मिटला. सॉफ्टवेअर इंजिनीअर कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही, यावर वाद होतात. ते तुमच्या हुद्द्याच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. पण दबावाखाली राजीनामा टाकला की तो वाद घालायची जागाच आपल्या हाताने कमी होते.

माझ्या रूममेटने सहापर्यंत राजीनामा टाकला नाही. मेल मागत राहिला. दोन दिवसांनी मेल आला, त्यात भाषा बरीच मऊ होती, आणि दोन महिन्यांचा पगार होता. नोकरी वाचली नाही. पण हप्ते दोन महिने गेले, आणि तेवढ्यात त्याला दुसरीकडे काम मिळालं.

म्हणून दुसरी पात्रता मी अशी मांडतो: जो निर्णय टेबलावर घेतला, तो लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगण्याची हिंमत. कपात कधी कधी टळत नाही, हे मलाही कळतं. कंपनी काही धर्मशाळा नाही. पण डायरेक्टरने समोर यावं, कारण सांगावं, हिशेब लेखी द्यावा. पंचवीस वर्षांच्या पोरीच्या हातात स्क्रिप्ट देऊन आपण पडद्यामागे बसणं हे एचआर नाही. तो परत मुकादमच झाला, फक्त लॅपटॉपवाला.

आता अकोल्याच्या मित्राच्या बाबांसाठी एक उदाहरण. काका, तुम्हीही ऐका.

कोल्हापूरची एक मुलगी. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर झाली. त्यानंतर जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून एचआर शिकली. १९९२ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागली आणि सुरुवातीची वर्षं कारखान्यांमध्ये काढली. २००७ मध्ये ती त्याच कंपनीत एचआरची एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर झाली. २०१६ मध्ये युनिलिव्हर या सगळ्या जगात पसरलेल्या कंपनीची सीएचआरओ झाली. त्या पदावरची पहिली महिला आणि पहिली आशियाई व्यक्ती. आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या शनेल या फॅशन कंपनीची ग्लोबल सीईओ. नाव लीना नायर.

मुंबई-दिल्लीचं कॉलेज नाही, आयआयटी नाही. सांगलीची इंजिनीअर. पण नीट बघा, ट्रेनीपासून डायरेक्टर व्हायला १५ वर्षं लागली. आणि पाया रचला तो कारखान्यात, जिथे युनियन असते, शिफ्ट असते, मशीन बंद पडलं की आरडाओरड असते. आणि आपल्याच कामाचं उदाहरण पाहिजे तर टीसीएस घ्या. लाखो माणसं असलेल्या या कंपनीचं एचआर मिलिंद लक्कड यांनी बरीच वर्षं सांभाळलं. त्याआधी ते कंपनीचा मॅन्युफॅक्चरिंग क्षेत्राचा धंदा बघत होते. म्हणजे इंजिनीअरिंग करून एचआरला जाणं हे 'वाया जाणं' नाही. ज्यांच्या कामाबद्दल निर्णय घ्यायचाय, ते काम कसं चालतं हे माहीत असणं फायद्याचंच आहे. ज्या एचआरला प्रोडक्शनवर रात्री दोनला बग येणं म्हणजे काय हे माहीत आहे, तो 'वर्क-लाइफ बॅलन्स'चं पोस्टर लावण्याआधी विचार करेल.

तर मग रस्ता कसा? सरळ सांगतो.

पहिला रस्ता मोठ्या संस्थांचा. एक्सएलआरआयसाठी झॅट परीक्षा, टिसच्या एचआर कोर्ससाठी आता कॅटचे गुण. स्पर्धा तगडी आहे, पण बीटेकवाल्यांना गणिताची भीती नसते, तो आपला फायदा.

दुसरा रस्ता कामगार कायद्याचा. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याच नावाने महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, सरकारी. तिथे श्रम अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. नाही तर एमएसडब्ल्यू, जे आपल्या अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांमध्येही होतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचं असेल, तर कुठलंही एमबीए-एचआर चालतंच असं नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा: ही पदवी महाराष्ट्रात कल्याण अधिकारी पदासाठी मान्य आहे का? उत्तर लेखी घ्या. आपल्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, तिथेच पीएम मित्र टेक्सटाइल पार्कही व्हायचा आहे. उद्या घराजवळ ही कामं निघाली आणि तुमची डिग्री यादीत नसली, तर चिडून उपयोग नाही.

तिसरा रस्ता कंपनीच्या आतून. डिलिव्हरी, ऑपरेशन्स, फायनान्स करत करत एचआरला येणं. वेळ लागतो, पण माणूस पक्का तयार होतो.

कुठल्याही रस्त्याने जा, पहिल्या पाच-सात वर्षांत दोन कामं अंगावर घ्या: पगारपत्रक आणि तक्रारी. पगारपत्रकात कायदा आणि आकडे कळतात, तक्रारींत माणूस कळतो. फक्त भरतीत दहा वर्षं काढली तर नंबर भरपूर सेव्ह होतील, डायरेक्टर होणं अवघड.

आता जे एचआरमध्ये जाणार नाहीत त्यांच्यासाठी. एचआर तुमचा शत्रू नाही आणि दोस्तही नाही. कंपनीने नेमलेला, पण कायद्याने बांधलेला माणूस आहे तो. तेव्हा त्याला ज्या गोष्टीने बांधलंय, ती तुम्हाला माहीत पाहिजे.

नेमणूकपत्र घ्या. नव्या संहितेत ते प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. नोकरी सुटली की पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा, असंही नवा कायदा म्हणतो. 'पंचेचाळीस दिवस लागतील' असं कोणी म्हटलं तर नम्रपणे त्या तरतुदीची आठवण करून द्या.

बाँडवर सही करताना आकडा वाचा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं सिनिअर लोक सांगतात, त्यावर डोळे मिटून जाऊ नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. अट किती वाजवी आहे, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं बघितलं जातं. मूळ मार्कशीट आणि डिग्री मात्र तपासणीला दाखवायची आणि लगेच परत घ्यायची. ते काही गहाणाचं सोनं नाही.

आणि शेअर बाजारातल्या मोठ्या कंपनीत जात असाल तर एक काम करा, दहा मिनिटांचं. सेबीच्या नियमाने पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यात किती टक्के लोक सोडून गेले, पुरुष आणि महिलांचा मधला पगार किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, हे सगळं लिहिलेलं असतं. कंपनीच्या रीलमध्ये दिवाळीची रांगोळी दिसते, इथे खरा आकडा दिसतो. इंटरव्ह्यूत शेवटी विचारतात ना, 'एनी क्वेश्चन्स?' तेव्हा हे विचारा: "गेल्या वर्षी तुमच्याकडे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एवढं होतं, कारण काय?" समोरचा उत्तर कसं देतो त्यावरून तिथला एचआर डायरेक्टर कसा असेल, ते अर्धं कळून जाईल.

तर काका, पोराला जाऊ द्या. फक्त त्याला एवढं सांगा, की लोकांना फोन लावणं कमीपणाचं नाही. आपण घेतलेला निर्णय सांगायला दुसऱ्याला फोन लावायला लावणं, ते कमीपणाचं आहे.

तुमच्या एचआरचा चांगला-वाईट अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नको, माणसाचं नाव नको, झालं काय तेवढं सांगा. पुढच्या भागात पीएफवर बोलू: कंपनी बदलली की जुना पीएफ काढायचा की न्यायचा. एपिसोड आवडला तर गावाकडच्या ग्रुपवर टाका, कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आहेत, कोणाच्या तरी कामी येईल.

चला, येतो मग. जेवण करून झोपा, राजेहो.